घाम न येणारी त्वचा

हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया हा वंशपरंपरेने येणारा दुर्मीळ त्वचाविकार आहे. या विकारात घर्मग्रंथी फार कमी असतात किंवा जवळजवळ नसतातच. दात थोडे आणि टोकदार येतात. डोक्यावरचे केस, भुवया, पापण्या विरळ राहतात. दात आणि केस कुणालाही दिसतात, पण जिवावर बेतते ते घामाच्या उणिवेमुळे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. थंड हवेच्या देशांत असे मूल बहुधा आधी दातांच्या डॉक्टरकडे पोचते. उष्ण प्रदेशात ते ‘कारण न सापडणारा ताप’ म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे येते. कतारमध्ये एसी हा विकार काही काळ झाकून ठेवतो, त्यामुळे तिथे तो निराळ्याच वाटेने उघडकीस येतो.

अल गराफा हे दोह्याला लागून असलेले, अल रय्यान नगरपालिकेतले उपनगर. व्हिला, कंपाउंड, मॉल आणि शाळा यांची ही वस्ती. इथे वाढणारे बाळ गार घरातून गार गाडीत, गाडीतून मॉलमध्ये किंवा पाळणाघरात जाते. जुलैत दुपारचे सरासरी कमाल तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असते. जुलै २०१० मध्ये दोह्यात ५०.४ अंशांची नोंद झाली. पण या बाळाचा त्या उन्हाशी संबंध येतो तो पार्किंगपासून दारापर्यंत चालण्यापुरता. घाम येत नाही हे आईच्याही लक्षात येत नाही, कारण घाम यायची वेळच आलेली नसते. मग शाळेत आगीच्या सरावासाठी सगळ्या वर्गांना मैदानात उभे केले जाते, किंवा बसचा एसी बंद पडतो, आणि मूल नर्सच्या खोलीत आणले जाते: चेहरा लालबुंद, अंग भट्टीसारखे आणि हाताला कोरडे ठक्क, थर्मामीटर चाळिशीच्या जवळ.

या क्षणी बहुतेक ठिकाणी पॅरासिटामॉल दिले जाते. त्याचा उपयोग होत नाही, आणि का होत नाही हे समजले की अर्धा विकार समजतो. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे ठरलेले तापमानच वर सरकवतो. औषध ते पुन्हा खाली आणते. इथे ठरलेले तापमान अगदी योग्य असते. मेंदू थंड होण्याचा हुकूम सोडत असतो, पण तो पाळणाऱ्या ग्रंथी त्वचेत नसतात. त्याच मुलाचे कपडे सैल करून, ओल्या पंचाने अंग पुसून, पंख्याखाली किंवा गार खोलीत ठेवले की तापमान थोड्या वेळात उतरू लागते. औषधाने न उतरणारा आणि गारव्याने झरझर उतरणारा ताप ही निदानाची पहिली खूण आहे. अनुभवी परिचारिका ती कागदावर वेळेसकट टिपून ठेवतात. पुढे डॉक्टरला कुठल्याही तपासणीइतकाच त्या टिपणाचा उपयोग होतो.

विकार जुना आहे आणि त्याच्या नोंदींत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. त्वचा, केस आणि दात अपुरे वाढलेल्या दोन पुरुषांचे वर्णन थर्नम या इंग्रज डॉक्टरने १८४८ मध्ये केले. १८७५ मध्ये आलेल्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत चार्ल्स डार्विनने सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली. ती त्याला वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी कळवली होती. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस जवळजवळ नव्हते आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेचा त्यांना फार त्रास होई. मुलींना काही होत नसे, पण त्यांच्या पोटी येणाऱ्या मुलांत हा दोष पुन्हा दिसे. जनुक हा शब्दही तयार झालेला नसताना वारशाची रीत इतकी नेमकी टिपली गेली होती. १९२१ मध्ये थडानी यांनी सिंधमधल्या अशाच लोकांविषयी लिहिले; त्या भागात त्यांना ‘भूडा’ म्हणत. युरोपात ख्रिस्ट, सीमेन्स आणि तुरेन यांनी केलेल्या वर्णनांवरून या विकाराला त्या तिघांचे नाव मिळाले. १९९६ मध्ये एक्स गुणसूत्रावरचे ईडीए हे जनुक सापडले आणि बहुसंख्य रुग्णांमधले कारण उलगडले.

हे जनुक एक्टोडिस्प्लेसिन नावाचे प्रथिन तयार करते. गर्भाची त्वचा सुरुवातीला सपाट असते. केस, दात किंवा ग्रंथी जिथे व्हायची असते तिथे तिच्या पेशी दाट होतात, खाली कळीसारख्या वाढतात आणि अंतस्त्वचेत शिरतात. ‘इथे कळी धरा’ हा निरोप पोचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे हे प्रथिन. पेशीवरचा ईडीएआर हा ग्राहक तो निरोप घेतो, ईडीएआरएडीडी हे प्रथिन पुढे नेते. या साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी परिणाम जवळजवळ सारखाच होतो, म्हणून केवळ पाहून कोणते जनुक बिघडले ते सांगता येत नाही. तळहात-तळपायांवरच्या घर्मग्रंथींची सुरुवात गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास होते, उरलेल्या अंगावरची पाचव्या महिन्यापासून. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या सगळ्या जन्माआधीच तयार होतात. नंतर नवी ग्रंथी येत नाही. जे राहिले ते राहिलेच.

त्वचेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ही उणीव उघड दिसते. निरोगी त्वचेत बाह्यत्वचेच्या तळाशी नागमोडी कंगोरे असतात. इथे बाह्यत्वचा पातळ आणि तिचा तळ सपाटलेला दिसतो. अंतस्त्वचेच्या खोल भागात, चरबीच्या थराला लागून, घर्मग्रंथींची वेटोळी दिसायला हवीत. ती नसतात, किंवा एखाददुसरी खुरटलेली असते. केसांची मुळे विरळ आणि लहान, त्यांना जोडलेल्या तैलग्रंथीही कमी. तपासणीसाठी तळहाताची किंवा डोक्याची त्वचा निवडतात, कारण तिथे एरवी घर्मग्रंथी विपुल असतात. तिथेच त्या नाहीत तर प्रश्न मिटला. आता जनुकीय चाचणी सहज होत असल्याने मुलाच्या त्वचेला सुरी लावायची वेळ क्वचितच येते. साधी तपासणी भिंगानेही करता येते. बोटांच्या टोकांवरच्या रेषांवर घामाची बारीक छिद्रे ओळीने दिसतात. या मुलांत त्या रेषा छिद्रांवाचून कोऱ्या असतात.

ग्रंथींची ही टंचाई त्वचेपुरती थांबत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या आतल्या अस्तरात ओलावा देणाऱ्या श्लेष्मग्रंथी असतात, त्याही कमी असतात. पापण्यांच्या कडांवरच्या स्निग्ध ग्रंथी नसल्याने अश्रू लवकर सुकतात. लाळ कमी सुटते. म्हणून हा रुग्ण नुसता न घामेजणारा माणूस नसतो. तो आतून-बाहेरून कोरडा असतो.

नवजात बाळात पहिली खूण त्वचा सोलवटण्याची. अंगावर चिकट पापुद्रा सुटतो, डोळ्यांभोवतीची त्वचा काळसर आणि सुरकुतलेली दिसते. कपाळ पुढे आलेले, नाकाचा दांडा बसका, ओठ जाड आणि बाहेर वळलेले: असा चेहरा पुढे वर्षभरात स्पष्ट होतो. वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांशी काही नाते नसलेली ही मुले भावंडे वाटावीत इतकी सारखी दिसतात. केस उशिरा येतात. येतात तेही बारीक, फिकट आणि हळू वाढणारे. मराठी घरात जावळ काढायची वेळ होते आणि काढायला जावळच नसते. आजी म्हणते, बापाचेही असेच उशिरा आले होते. मूल दीड वर्षाचे झाले तरी दात दिसत नाहीत, तेव्हाही तेच उत्तर मिळते. एकेक खूण अशी स्वतंत्रपणे समजावून टाकली जाते. सगळ्या खुणा एकत्र ठेवून पाहणारे माणूस घरात नसते. ते काम दवाखान्यातल्या माणसाचे आहे, आणि तिथेही पहिल्या भेटीत ते होतेच असे नाही.

पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत धोक्याची. जुन्या वैद्यकीय लेखनात या वयातल्या मृत्यूंचे प्रमाण पार तीस टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. कारणे दोन: अंगात कोंडलेली उष्णता आणि श्वसनमार्गाचे संसर्ग. नाकातला स्राव घट्ट होऊन खपल्या धरतो, दूध ओढताना बाळाला श्वास घेता येत नाही, वजन वाढत नाही. कतारमध्ये उन्हाळ्याच्या सुरुवातीला वायव्येकडून शमाल वारा सुटतो आणि हवेत बारीक धूळ भरते. त्या दिवसांत नाकाच्या खपल्या, खोकला आणि डोळ्यांची चुरचुर एकदम वाढते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब ही रोजच्या दात घासण्यासारखी सवय करावी लागते. एक्झिमा आणि दमा या मुलांत वरचेवर आढळतात. आवाज बहुधा घोगरा असतो. बुद्धी सर्वसाधारण असते. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण चेहरा आणि दात पाहून शाळेत प्रवेश देतानाच काही जणांची कपाळे आठ्यांनी भरतात.

उष्णतेचे गणित समजून घेतल्याशिवाय या मुलांची काळजी घेता येत नाही. हवा पस्तीस अंशांच्या पुढे गेली की शरीराची उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेचीच शरीरात येऊ लागते. तेव्हा गार होण्याचा एकच मार्ग उरतो, बाष्पीभवन. एक लिटर पाणी त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. मातीचा माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते, पितळेचा हंडा पाझरत नाही; या मुलांची त्वचा हंड्यासारखी आहे. तिच्यावर बाहेरून पाणी घातले की मात्र ती माठाचे काम करते. ओला टी-शर्ट, पाण्याची फवारणी बाटली, गळ्यात ओला पंचा ही म्हणूनच खरी औषधे.

पण हे औषधही हवेवर अवलंबून आहे. जून-जुलैच्या कोरड्या शमालमध्ये ओला शर्ट मिनिटांत सुकतो आणि उत्तम गारवा देतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आखातावरून दमट हवा येते. तीच बाटली, तोच शर्ट, पण पाणी अंगावरच बसून राहते, उडत नाही, आणि मूल ओले असूनही तापते. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा ऑक्टोबर यांत जो फरक, तोच हा. दोह्यात नव्याने आलेल्या कुटुंबाला हे कुणी सांगत नाही. ओले केले म्हणजे झाले, अशी समजूत असते. दमट दिवशी ओले करून भागत नाही. गार हवेत नेणे हाच उपाय. बर्फाच्या पिशव्या बसणारे जाकीट थोड्या वेळापुरते चालते.

कतारच्या कायद्यात उष्णतेची ही समज आहे, पण ती मोठ्यांसाठी. २०२१ च्या मंत्रालयीन निर्णयानुसार १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्र निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर वेळ कोणतीही असो, काम थांबवावे लागते. हाच निर्देशांक शाळांनी मैदानाच्या तासासाठी वापरला तर केवळ या विकाराच्या नव्हे, सगळ्याच मुलांचे भले होईल. अल गराफात एक सोय आधीच आहे. तिथल्या बागेत उघड्यावर गार हवा सोडणारी वातानुकूलित चालण्याची वाट आहे. ती बांधताना धावायला येणारे लोक डोळ्यांसमोर असतील. पण घाम न येणाऱ्या मुलाला उन्हाळ्यात घराबाहेर पाय मोकळे करायला याहून योग्य जागा कुठल्याही पाठ्यपुस्तकात सुचवलेली नाही.

शाळेत काय करायचे ते लेखी असावे लागते. तोंडी सूचना वर्गशिक्षिका बदलली की विसरली जाते. मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, बसमध्ये एसीच्या झोताखाली जागा द्यावी, आगीच्या सरावात सावलीत उभे करावे, आणि तापल्यास आधी गारवा, मग औषधाचा विचार. एवढे चार मुद्दे पानभरही होत नाहीत. खेळापासून मुलाला तोडण्याचे कारण नाही. पोहणे या मुलांना उत्तम मानवते. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत कतारची हवा सौम्य असते, तेव्हा मैदानही मानवते. सुरक्षिततेच्या नावाखाली वर्षभर बाकावर बसवलेले मूल पुढे स्वतःच्या मर्यादा ओळखायला शिकत नाही. आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर ‘सिस्टर, मला गरम व्हायला लागलंय’ असे आपणहून येऊन सांगणारे मूल जास्त सुरक्षित.

डबा हाही कामाचा भाग. दात मोजके आणि लाळ कमी, त्यामुळे कोरडी पोळी, खुबूस, फरसाण घशात अडकते. आमटीत कुस्करलेली भाकरी, दहीभात, खिचडी नीट खाल्ली जाते. कायमच्या ३२ दातांपैकी ठळक विकार असलेल्यांत सरासरी नऊच येतात, बहुधा सुळे आणि पहिल्या दाढा. पुढचे दात सुळक्यासारखे निमुळते असतात. दात नाहीत तिथे जबड्याचे हाडही वाढत नाही, आणि चेहरा लहान वयातच म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. म्हणून तीन-चार वर्षांच्या वयातच छोटी कवळी देतात आणि मूल वाढेल तशी ती बदलत जातात. इतक्या लहान मुलाला कवळी, हे ऐकून पालक दचकतात. पण बोलणे, खाणे आणि वर्गातले हसणे या तिन्ही गोष्टी तिच्यामुळे सुधारतात. हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांट बसवता येतात.

या विकारासारखे दिसणारे दोन विकार वेगळे काढावे लागतात. एकात नखे जाड आणि केस विरळ असतात, पण घाम नीट येतो. त्याचे जनुक निराळे. दुसऱ्यात हीच सगळी लक्षणे असतात आणि शिवाय प्रतिकारशक्तीत मोठी उणीव असते. गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील तर या दुसऱ्या शक्यतेची तपासणी लांबवू नये.

वारशाकडे वळताना आईच्या त्वचेकडे पाहावे. ईडीए जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत विकार पूर्ण स्वरूपात दिसतो. स्त्रीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निष्क्रिय होते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेला हा सिद्धान्त. त्यामुळे वाहक स्त्रीची त्वचा ठिगळाठिगळांची असते, काही पट्टे घामाचे, काही कोरडे. पाठीला आयोडिन लावून वर स्टार्च भुरभुरला आणि तिला उबेत बसवले की घाम येणाऱ्या जागा निळ्या-काळ्या होतात आणि कोरड्या जागा पाठीवर इंग्रजी व्हीसारख्या रेषांत तशाच राहतात. एखादा दात कमी, बाजूचे दात निमुळते, केस एका भागात विरळ, बाळंतपणानंतर दूध कमी: बाईने आयुष्यभर किरकोळ मानलेल्या या गोष्टी मुलाच्या निदानानंतर एका रांगेत येऊन बसतात. आजोळी कुणी मुलगा तान्हेपणी उन्हाळ्यात तापाने गेला होता का, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर पुष्कळदा आईलाही माहीत नसते. आजीला फोन लावावा लागतो.

महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक घरांत आहे. मामाला हा विकार असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते, आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला विकार होण्याची शक्यता निम्मी. वडिलांकडून मुलग्याकडे हा प्रकार कधीच जात नाही. कतारी समाजात चित्र थोडे वेगळे आहे. २००६ च्या एका पाहणीत तिथे रक्ताच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण ५४ टक्के आढळले. अशा घरांत ईडीएआर किंवा ईडीएआरएडीडी जनुकांमुळे होणारा, आई-वडील दोघांकडून येणारा प्रकार लक्षात ठेवावा लागतो. त्यात मुलीही मुलग्यांइतक्याच आजारी असतात. मुलगी आहे म्हणून हा विकार नसेल, असे तिथे म्हणता येत नाही.

उपचारांत अलीकडे खरी हालचाल झाली आहे. हरवलेले प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून ते देण्याची कल्पना उंदीर आणि कुत्रे यांच्यात जन्मानंतरही यशस्वी झाली होती. नवजात मुलांना ते दिले तेव्हा मात्र फारसा फरक पडला नाही. माणसात तोवर उशीर झालेला असतो. मग जर्मनीतील एर्लांगेन येथे होल्म श्नायडर यांच्या गटाने ते गर्भजलात सोडले. एका मातेच्या जुळ्यांना गर्भारपणाच्या २६ व्या आणि ३१ व्या आठवड्यात, दुसऱ्या मातेच्या बाळाला २६ व्या आठवड्यात एकदाच. २०१८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या मुलांना घाम येत होता आणि उष्णतेमुळे त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले नव्हते. त्यानंतर मोठ्या चाचणीला सुरुवात झाली. दवाखान्यात जाऊन कुणालाही मिळावे असे हे औषध अजून नाही. पण उपचाराची वेळ स्पष्ट झाली आहे: गर्भारपणाचा उत्तरार्ध, जन्मानंतर नव्हे.

म्हणून अल गराफातल्या दवाखान्यात एका मुलाचे निदान झाले की काम त्या मुलापाशी संपत नाही. त्याच्या आईच्या बहिणी सांगलीत, नाशकात किंवा मस्कतमध्ये असतील. त्यांना दिवस जाण्याआधी जनुकीय सल्ला मिळायला हवा. मुंबईचे केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी चौकशीची सुरुवात तिथून करावी. जाताना मुलाचा जनुकीय अहवाल सोबत न्यावा, कारण घरात कोणता बदल आहे हे माहीत असेल तर मावशीची तपासणी सोपी आणि स्वस्त होते.